झोळ

स्वयंपाकघरात दोरी बांधली आहे लामझिराने,
स्टोव्हच्या नळीपासून खिडकीच्या खिळ्यापर्यंत,
आणि तिच्यावर, माझ्या दोन बनियनांच्या शेजारी,
वाळतंय चौथं प्रकरण.

वाळतंय म्हणजे खरंच वाळतंय.
काल त्याच्यावर आलुबुखाराची चटणी सांडली.

सव्वीस वर्षं ती चियातुराच्या रोपवेवर कंडक्टर होती.
लोखंडी पेटीतून माणसं खाणीवर न्यायची,
काळी झालेली माणसं खाली आणायची.
सहा मिनिटं वर, सहा मिनिटं खाली.
सहा मिनिटांत माणूस काय काय बोलतो,
ती म्हणते, तुला नाही कळायचं, बाद्री.
नव्या डब्यांची दारं आपोआप मिटतात.
निरोपाला तिला घड्याळ दिलं,
उरलेली तिकीटपुस्तकं मात्र कुणी परत मागितली नाहीत.
कादंबरी त्यांच्याच पाठीवर चालली आहे.

एका तिकिटावर एक प्रसंग.
निळी नायिकेची, पिवळी सासूची,
गुलाबी, विद्यार्थी सवलतीची,
ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही त्यांची.
सगळा हिवाळा आराखड्यात गेला:
कोण कधी जन्मलं, कोण कुणाची विहीण,
ब्याण्णवच्या अंधारात कुणाच्या घरी किती मेणबत्त्या होत्या.
दोनदा राजमा करपला. मी बोललो नाही.
पहिलं वाक्य तेवढं जमेना.
एकदा त्यात धुकं होतं, एकदा कुत्रं,
एकदा नुसतंच ‘आणि’.

ती बाजारात गेली तेव्हा मी दोरी वाचली,
डावीकडून उजवीकडे, बनियन वगळून.
दुसऱ्या प्रकरणात एक लाइनमन आहे.
केबलला ग्रीस लावतो, डाव्या कानाने कमी ऐकतो,
सूप फुंकताना त्याची शिट्टी वाजते.
सतराव्या तिकिटावर लिहिलं होतं: पडतो. मरतो.
बस, एवढंच.

रात्री मी सूप न फुंकता थंड होऊ दिलं.
काय झालं? म्हणाली.
म्हटलं, काही नाही.

मार्चमध्ये ती अडली.
कथानकात झोळ आहे, म्हणाली,
पाचपासून आठपर्यंत सगळं नुसतं लोंबतंय,
कुणी काही करतच नाही, बसून बोलतात.
दोन दिवस चिमटे काढ, चिमटे लाव.
मग दोरीच ताणून बांधली, इतकी,
की खिळा उपटून आला
आणि सासू सुपात पडली.

तेव्हा मी तोंड उघडलं.
एकतीस वर्षांत मी दुसरं काही शिकलो नाही, एवढंच:
केबलला झोळ ठेवावाच लागतो.
पट्टीसारखी ताणलीस तर जानेवारीत आकसते
आणि तुटते, पेटीसकट.
किती ठेवायचा ते तक्त्यात असतं,
पण आम्ही हातमोजा काढून हात लावून बघायचो.
आणि हे बघ, मधोमध केबल खाली झुकते,
तिथेच पेटी डुलते, पोरं किंचाळतात,
तिथेच तुला लोक नको ते सांगून बसायचे ना?

ती बराच वेळ खिळ्याच्या भोकाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, ग्रीस वरून लावतात की खालून?
वारा असेल तर?
कमरेचा पट्टा तपासतं कोण?
मी सांगत गेलो, ती लिहीत गेली,
कधी मी सांगायच्या आधीच,
कधी मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

आता मे संपत आलाय.
दोरी सैल आहे, तिच्याखालून वाकून जावं लागतं.
पहिलं वाक्य अजून नाही.
खर्डा पुरा होईल, न होईल.

काल पुन्हा चोरून वाचलं.
सतरावं तिकीट जागेवर नाही.
लाइनमन नवव्यापर्यंत जगतोय,
तिथेही नुसता खोकला झालाय त्याला.
दहावं कोरं आहे.

मी जेवायला बसलो, सूप फुंकलं.
आतल्या खोलीत पेन थांबलं.

पुन्हा एकदा फुंक बघू, ती म्हणाली.